निवासी मदरशांतील शिक्षकांची अध्ययन-संस्कृती : मापन कसे व कशासाठी?

मदरसा-शिक्षणाची चर्चा बहुधा अभ्यासक्रम आणि अनुदान यांभोवतीच फिरते. शिक्षक स्वतः शिकत राहतो काय, हा प्रश्न मागे पडतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शालेय वयोगटातील केवळ तीन ते चार टक्के मुस्लीम मुले मदरशांत शिकतात. प्रमाण अल्प असले, तरी निवासी मदरशातील मुलाचा दिवसाचे चोवीस तास शिक्षकांशी संबंध येतो. म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संकल्पना

शिक्षक परस्परांकडून शिकतात, अडचणी मोकळेपणाने मांडतात आणि संस्था त्यांना त्यासाठी वेळ व साधने देते, अशा वातावरणास अध्ययन-संस्कृती म्हणता येईल. वॉटकिन्स व मार्सिक या अमेरिकी अभ्यासकांच्या प्रश्नावलीत तिची सात परिमाणे आहेत : सातत्यपूर्ण अध्ययन, पृच्छा व संवाद, सांघिक अध्ययन, ज्ञानाचे जतन व देवाणघेवाण करणारी व्यवस्था, सक्षमीकरण, बाह्य परिस्थितीशी सांधा आणि अध्ययनाभिमुख नेतृत्व. प्रत्येक विधानास एक ते सहा असे गुण दिले जातात.

मापनाच्या कसोट्या

प्रश्नावली विश्वसनीय व सप्रमाण असावी लागते. क्रॉनबॅकचा अल्फा गुणांक विधानांतील अंतर्गत सुसंगती दर्शवितो, ०.७० हे त्याचे सर्वसाधारणपणे स्वीकारलेले किमान मूल्य होय. मात्र सुसंगत उत्तरे खरीच असतील असे नाही. मोहतमिमांच्या, म्हणजे संस्थाप्रमुखांच्या, देखत प्रश्नावली भरून घेतल्यास सर्वच गुण वरचे येतील. त्यामुळे नाव न घेता उत्तरे घेणे, विधाने सुबोध उर्दूत आणणे आणि प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड देणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राचा संदर्भ

राज्यात अक्कलकुवा (जि. नंदुरबार) येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या जामियासारख्या मोठ्या निवासी संस्था आहेत. अनेक मदरशांत शिक्षकांचे दोन वर्ग आढळतात : धार्मिक विषयांचे शिक्षक आणि मानधनावर गणित, विज्ञान, इंग्रजी शिकविणारे शिक्षक. समजा, समान संख्येच्या या दोन गटांची सरासरी अनुक्रमे ५ व २ आली, तर ३.५ ही एकत्रित सरासरी समाधानकारक भासेल, परंतु दोघांमधील दरी झाकली जाईल. म्हणून गटनिहाय विश्लेषण अपरिहार्य आहे.

धोरणात्मक महत्त्व

डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेखालील मानधन वाढविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. डी.एड. शिक्षकांसाठी ते ६,००० वरून १६,००० रुपये, तर बी.एड. शिक्षकांसाठी ८,००० वरून १८,००० रुपये असे ठरले. मानधनवाढीमुळे शिक्षक टिकण्यास साहाय्य होईल. तथापि तो इतर सहकाऱ्यांत सामावला की एकाकी राहिला, हे खर्चाच्या आकड्यांतून कळत नाही. ते अध्ययन-संस्कृतीच्या मापनातून कळू शकते. मात्र या गुणांवर अनुदान अवलंबून ठेवल्यास उत्तरांतील प्रामाणिकपणाच संपुष्टात येईल. मापनाचे स्थान निदानाचे आहे, शिक्षेचे नव्हे.