क्षाराची परीक्षा आणि हळदीची मर्यादा

सातपुड्याच्या पायथ्याशी, शेतांच्या बांधांवर आघाडा विपुल उगवतो. धडगाव-मोलगी परिसरात कैऱ्या वाळवून केलेले आमचूर बाजारात येते, आणि हळद तर घरोघरी असते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत आघाड्याचा क्षार हा आम्लारी, आमचूर हे आम्ल आणि हळद हा दर्शक होय. नंदुरबारच्या वैद्यास ही त्रयी सहज उपलब्ध आहे.

हळदीला चुन्याची निवळी लागताच ती तांबडी होते; कुंकू याच गुणावर सिद्ध होते. त्यावर आमचुराचे पाणी पुरेसे घातल्यास पुन्हा पिवळी छटा येते. मात्र हा वर्णबदल सामू सुमारे ७.४ ते ८.६ या मर्यादेतच घडतो. त्यापुढे क्षार सौम्य असो वा दाहक, हळद तांबडीच दिसते. म्हणून हळद क्षाराचे अस्तित्व सांगते. त्याची तीक्ष्णता सांगत नाही. अर्श व भगंदर यांच्या चिकित्सेत नेमकी हीच तीक्ष्णता महत्त्वाची असते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे क्षाराचे भेद सांगितले आहेत. आघाड्याच्या राखेतील प्रमुख आम्लारी घटक पोटॅशियम कार्बोनेट होय. मध्यम क्षारात शंखादी द्रव्ये भाजून मिसळावयाची असतात. त्यांतून निर्माण होणारा चुना कार्बोनेटचे रूपांतर कितीतरी अधिक दाहक अशा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये करतो. सिद्ध क्षार तोंड बंद केलेल्या लोहपात्रात ठेवावा, या आदेशाचे मर्मही येथेच उलगडते : उघड्या हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हायड्रॉक्साइडचे पुन्हा कार्बोनेट होते व क्षार दुबळा पडतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीची दखल घेतली आहे.

क्षारकर्मानंतर दाहशमनार्थ अम्लवर्गाची योजना त्याच अध्यायात आहे. अम्लाच्या संयोगाने क्षार आपली तीक्ष्णता सोडतो, असे कारणही तेथे दिले आहे. यालाच आज उदासिनीकरण म्हणतात.

एका आघाड्याची राख दुसऱ्यासारखी नसते. माती, ऋतू व दहनाची रीत यांनुसार क्षाराचे बल बदलते. सामू-पट्टीने प्राथमिक अंदाज येतो. परंतु सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे विसरू नये. निश्चित मापनासाठी ज्ञात प्रबलतेच्या आम्लाने अनुमापन करावे. फिनॉल्फ्थॅलीन व मिथिल ऑरेंज हे दोन दर्शक क्रमाने वापरल्यास हायड्रॉक्साइड व कार्बोनेट यांचे प्रमाण स्वतंत्रपणे काढता येते. विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत हे काम सहज होण्यासारखे आहे.

स्वतः क्षार सिद्ध करणाऱ्या वैद्यांनी प्रत्येक पाकाची अशी नोंद ठेवावी आणि पात्रावर दिनांक व बल लिहावे. केवळ हळदीच्या रंगावर विसंबून रुग्णाच्या कोमल धातूंवर क्षार योजू नये.