पुंगळी ‘मापावर आणणे’ : एक परिभाषाविचार

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याच्या मुळाशी कागदवाचक शब्द आहे. कारण गोळी आणि दारू पूर्वी कागदाच्या गुंडाळीत भरीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाची जागा पितळेने घेतली; शब्द मात्र टिकून राहिला. बार उडाल्यावर उरणाऱ्या पितळी कवचाला मराठीत ‘पुंगळी’ म्हणतात. ही पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी करण्याच्या क्रियेला मात्र मराठीत रूढ शब्द नाही. त्याचे कारण उघड आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे अमेरिकेत घरोघरी चालणारा हा छंद येथे रुजलाच नाही, आणि जेथे हात चालत नाहीत तेथे शब्दही घडत नाहीत.

क्रिया अशी : काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीतील पोकळीच्या भिंतीस घट्ट टेकते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरल्यावर ती किंचित आकसते. परंतु पहिल्या मापावर येत नाही. म्हणून ती पोलादी साच्यात दाबून बसवावी लागते. ती मोठी राहिली तर पोकळीत बसत नाही. उलट तिचा खांदा प्रमाणाबाहेर मागे दाबला गेला तर पुढच्या बाराच्या वेळी पुंगळी लांबीत ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होऊन तुटण्याचा धोका उद्भवतो.

या क्रियेस ‘पूर्ववत करणे’ म्हणावे काय? येथेच परिभाषेचा खरा प्रश्न आहे. साच्यातून निघालेली पुंगळी मापाने पूर्वीसारखी असते, प्रकृतीने नसते. प्रत्येक फुगण्या-दाबण्यासरशी पितळ कठीण व ठिसूळ होते आणि अखेर मानेपाशी तडकते. तो कठीणपणा घालविण्यासाठी मान व खांदा तापवून मऊ करतात. बूड मात्र तापू देत नाहीत. दाब सोसण्यासाठी ते कठीणच असावे लागते.

धातूत लपलेल्या ताणाचा सर्वांत बोलका दाखला भारतातलाच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात साठविलेली काडतुसे न वापरताच तडकत. इंग्रजीत या दोषाच्या नावात ऋतुवाचक शब्द आला तो त्यामुळेच. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी त्याची उपपत्ती मांडली : घडविताना पितळेत राहिलेला ताण आणि हवेतील अमोनिया या दोहोंच्या संयोगाने तडे जातात. घोड्यांच्या पागेजवळील साठ्यात हा अमोनिया मूत्रातून येई. डोळ्यांना निर्दोष दिसणारी पुंगळी आतून निर्दोष नव्हती.

हे ज्ञान मराठी कारागिराला अपरिचित नाही. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकताना धातू कठीण झाला की ते तापवून मऊ करतात, आणि शेवटी मठारकाम करून हेतुपुरस्सर कठीण करतात. एकाच गुणाचे दोष आणि उपयोग असे दोन्ही अंग तांबटाच्या हाताला ठाऊक असते. ग्रंथात ‘अनुशीतन’ हा शब्द आहे; पण तापविण्याच्या क्रियेचे नाव त्यातील शीतवाचक अंशावरून विद्यार्थ्यास सहज उमगत नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. खानदेशात, तापीच्या खोऱ्यात, वरणगावचा कारखाना १९६४ चा. काडतुसे घडविणारे हात महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून परिभाषाकाराने संस्कृत कोशाबरोबर कारखान्याकडे व तांबट आळीकडेही कान द्यावा. प्रस्तुत क्रियेपुरते ‘मापावर आणणे’ हे साधे मराठी रूप पुरेसे व निर्दोष आहे. कारण ते केवळ मापाविषयी बोलते. ‘पूर्ववत’ हा शब्द जे झालेले नाही ते झाल्याचे सांगतो, आणि दाब सोसणाऱ्या वस्तूच्या बाबतीत अशा शब्दावर विसंबणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.