चांद बघायचा तर आधी स्टँड पक्का हवा : ट्रायपॉड घेताना काय बघावे

शाबानची २९ तारीख आली की आपल्याकडे काय होते, ते सर्वांना माहीत आहे. मग़रिबनंतर पोरंसोरं गच्चीवर आणि मोठी माणसं मस्जिदीच्या अंगणात जमतात. प्रत्येकाचा मोबाईल पश्चिमेकडे असतो. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरू लागतात. कुणाच्या फोटोत पांढरी रेघ असते, कुणाच्या फोटोत नुसता ठिपका. तो चांद आहे, विमानाचा धूर आहे की हात हलल्यामुळे ओढला गेलेला दिवा, हे कुणालाच सांगता येत नाही. मग तरावीह आजपासून की उद्यापासून, यावर रात्री दहापर्यंत फोनाफोनी चालते.

आम्ही कुसगावात हे बरीच वर्षं बघत आलो आहोत. आमच्या मते यातला अर्धा गोंधळ डोळ्यांचा नसून हातांचा आहे. हात हलतो. म्हणून कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी तो कशावर ठेवायचा, याचा विचार करावा. ट्रायपॉड, त्याचे हेड आणि जोडणीचे सामान कसे निवडावे, ते इथे सांगत आहोत.

हात का पुरत नाही?

आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश असते. कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तरी सेन्सरवर त्याचे चित्र जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचे पडते. पहिल्या रात्रीची कोर तर त्यातला केसाएवढा भाग. त्यात संधिप्रकाश कमी होत जातो, शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्यात हात हलला की कोर पुसली जाते.

चंद्र स्वतःही थांबत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. म्हणून मोठ्या लेन्सवर शटर पाव सेकंदापेक्षा जास्त ठेवू नये, गरज पडल्यास आयएसओ वाढवावा.

पाय : वजनाला घाबरू नका

बाजारात हजार-बाराशेचे हलके ट्रायपॉड मिळतात. आम्हीही पहिल्यांदा तसलाच घेतला होता. घरात तो छान उभा राहिला, पण टेकडीवर वारा सुटला आणि कॅमेरा पानासारखा थरथरू लागला. तेव्हापासून दुकानात आम्ही तीन गोष्टी बघतो.

पहिली, पाय किती तुकड्यांचे आहेत. चार-पाच तुकड्यांचा ट्रायपॉड पिशवीत मावतो, पण शेवटची नळी काडीसारखी बारीक असते. तीन तुकड्यांचा जास्त घट्ट राहतो. दुसरी, मधला दांडा न उचलता उंची किती मिळते. तो दांडा वर घेतला की तीन पायांचा फायदा जातो आणि कॅमेरा एका काठीवर डोलतो. तिसरी, किती वजन पेलतो. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन किलो होत असतील, तर पाच-सहा किलोचा ट्रायपॉड बघा.

कार्बन फायबर हलके असते, पण महाग. मस्जिदीपासून टेकडीपर्यंतच न्यायचे असेल तर अ‍ॅल्युमिनियम पुरते. मधल्या दांड्याखाली हूक असेल तर त्याला सामानाची पिशवी लटकवा. ती झोके घेणार नाही, जमिनीला जेमतेम टेकेल अशी बांधा.

हेड : इथेच बहुतेक जण चुकतात

हेड म्हणजे पायांवरचा फिरणारा भाग. बॉल हेड झटपट फिरते म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. लग्नाच्या फोटोंना ते चांगले. पण चांद शोधताना क्षितिजावरून हळूहळू आडवे सरकायचे असते आणि बॉल हेड सैल केले की जड लेन्स खाली मान टाकते. या कामाला पॅन-टिल्ट हेड बरे. त्यात आडवे फिरवण्याचा आणि वर-खाली करण्याचा खटका वेगळा असतो, त्यामुळे उंची तीच ठेवून डावीकडून उजवीकडे बघता येते. व्हिडिओही करायचा असेल, म्हणजे बयान, शाळेचे स्नेहसंमेलन, किरअतची स्पर्धा, तर फ्लुइड हेड घ्या. ते झटका न देता सरकते.

जोडणीचे सामान

कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रूचे भोक असते, हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सूत. पाय आणि हेड यांच्यामधला स्क्रू मोठ्या ट्रायपॉडमध्ये बहुधा तीन सुती असतो. दोन्हींमध्ये बसणारी छोटी पितळी बुशिंग मिळते, ती पिशवीत ठेवावी.

क्विक रिलीज प्लेट घेताना आर्का पद्धतीची घ्या, कारण ती बऱ्याच कंपन्यांच्या हेडमध्ये बसते. ती हरवली तर सगळा ट्रायपॉड निकामी, म्हणून एक जादा ठेवा. लांब लेन्सला स्वतःची कॉलर असेल तर स्क्रू तिलाच लावा, नाहीतर तोल पुढे जातो.

दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याची गरजही पडत नाही. ७×५० किंवा १०×५० च्या पुष्कळ दुर्बिणींच्या पुढच्या सांध्यावर छोटे टोपण असते. ते काढले की आत स्क्रूची जागा असते, तिथे एल आकाराचा ब्रॅकेट लावून दुर्बीण ट्रायपॉडवर बसते. एकाने कोर सापडवली की बाकीचे एकेक करून त्याच जागी बघू शकतात. दुर्बीण हातात असली की हे जमत नाही. मोबाईलसाठी स्प्रिंगचा नव्हे, स्क्रूने आवळायचा होल्डर घ्या.

कुसगावातून बघताना

आपल्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. खोपोलीहून कुसगावला येणाऱ्या मिसिंग लिंकसाठी बोगदे पाडावे लागले ते याच डोंगरांमुळे. पहिल्या रात्रीची कोर क्षितिजाजवळ असते आणि ती डोंगराआड जाते. म्हणून कोकणाकडे उघडी असलेली टायगर पॉइंटसारखी जागा बरी. त्या वाटेवर आयएनएस शिवाजी हे नौदलाचे केंद्र लागते. तिकडे कॅमेरा रोखू नका, उगाच चौकशी मागे लागते.

अजान होण्याआधी ट्रायपॉड उभा करून ठेवा. सूर्य कुठे बुडाला त्या जागेची खूण धरा, एखादे झाड किंवा सुळका. कोर साधारण त्याच भागात, थोडी वर सापडते. फोकस त्याच दूरच्या झाडावर हाताने लावून घ्या. मग नमाज अदा करा. परत याल तेव्हा कॅमेरा तिथेच बघत असेल. ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद ठेवा आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

एक कडक सूचना : सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बिणीला किंवा लांब लेन्सला डोळा लावू नका. मुलांना तर जवळही येऊ देऊ नका. एका क्षणात नजर जाऊ शकते.

पावसाळ्यात आपल्याकडे ओल इतकी असते की ट्रायपॉडचे सांधे धरतात. वापरल्यावर पाय पूर्ण उघडून, पुसून सुकवा, लगेच पिशवीत कोंबू नका.

फोटो म्हणजे शहादत नव्हे

काही मोबाईलचे सॉफ्टवेअर चंद्राचे तपशील स्वतःहून उजळवते. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून यावर जगभर चर्चा झाली होती : पडद्यावरच्या अस्पष्ट चंद्राचा फोटो काढला, तरी फोनने त्यावर डाग काढून दाखवले. म्हणून मूळ फोटो जपा, एडिट करू नका, वेळ आणि जागा लिहून ठेवा. फैसला उलेमा आणि हिलाल कमिटीचाच. ट्रायपॉडचा उपयोग एवढाच की बघणाऱ्याला नेमके कुठे बघायचे ते कळते, आणि ‘मी पाहिला’ म्हणणारा खात्रीने म्हणू शकतो.

प्रत्येक घराने वेगळा ट्रायपॉड घेण्याची गरज नाही. जमातीने मिळून एक चांगला घ्यावा, मस्जिदीत ठेवावा आणि वहीत नोंद करून द्यावा. वर्षभर शाळा-मदरशाच्या कार्यक्रमांना तो उपयोगी पडेल आणि शाबानच्या २९ ला सर्वांच्या आधी टेकडीवर पोहोचेल.