एक लांब शिट्टी

पवनारच्या आश्रमात भरत-रामभेटीचं शिल्प आहे. विनोबा इथली जमीन खणत होते, कुदळ दगडावर अडली आणि ते वर आलं. आता इकडच्या शिवारात नाला खोलीकरणाला जेसीबी येतो आणि दहा माणसांचं दिवसभराचं काम चहा होईस्तोवर उरकतो. त्याच्या बकेटचे दाते मातीत रुतताना पाहिले, की मला गेल्या तीस वर्षांतले ढिगारे आठवतात.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. तेव्हा गावोगावी जेसीबी नव्हता. गावकऱ्यांनी आणि जवानांनी हातांनी, फावड्यांनी दगड बाजूला केले.

पुढे यंत्र तालुक्यातालुक्यात पोचलं. टायरवरचा जेसीबी स्वतः रस्त्यानं धावत येतो, म्हणून आधी तोच पोचतो. चेनवरचा पोकलेन ट्रेलरवर लादून आणावा लागतो, पण चिखलात आणि उतारावर तोच टिकतो. (हे नाव पोक्लँ या फ्रेंच कंपनीचं, आपण ते यंत्रालाच देऊन टाकलं.) 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. भर पावसात, चिखलात यंत्रं चालली. 151 माणसं गेली.

महाडला ऑगस्ट 2020 मध्ये पाच मजली इमारत कोसळली. एकावर एक बसलेले स्लॅब उचलायला यंत्राशिवाय गत्यंतर नव्हतं. पण स्लॅब जरा चुकीचा हलला, तर खालची पोकळी बुजते आणि त्या पोकळीतच श्वास चालू असतो. तिथून जवळपास 19 तासांनी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला.

इर्शाळवाडीनं मात्र यंत्राची हद्द दाखवली. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. वर जायला पायवाट तेवढी, आणि हवा अशी, की हेलिकॉप्टरनंही यंत्र नेता येईना. जवान तासन्‌तास चढून गेले आणि कुदळ-फावड्यांनीच खणत राहिले. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं त्या मातीतच राहिली. तीस वर्षांनी आपण पुन्हा किल्लारीच्या पहाटेला येऊन ठेपलो होतो. हे मला आजही सहन होत नाही. डोंगरकुशीतल्या वाडीला रस्ता नसेल, तर जिल्ह्यात शंभर पोकलेन असून काय उपयोग?

दुसरी उणीव माणसाची आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रशासन बचावासाठी खासगी वाहनं ताब्यात घेऊ शकतं. म्हणजे ढिगाऱ्यावर येणारा ऑपरेटर कालपर्यंत शेततळी खोदणारा असतो. हात त्याचा तयार असतो. ढिगाऱ्याची भाषा त्याला कोणी शिकवलेली नसते.

गेल्या पावसाळ्याआधी इथल्या बांधावर एका तरुण ऑपरेटरला मी बचाव पथकांचे जगभर चालणारे इशारे सांगितले. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे जागा सोडा. एक लांब आणि एक आखूड म्हणजे काम पुन्हा सुरू. नुसती एक लांब म्हणजे सगळं थांबवा, आवाज नको, खाली कोणी आहे का ते ऐकायचंय.

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं. म्हणाला, "भाऊ, केबिनमंधी शिट्टी ऐकूच येत नाही. समोर कोणीतरी हात वर करून उभा पाहिजे."