दुय्यम भूमिकांचे धनी : वॉल्टर ब्रेनन

बोलपट पाहून परततांना नायकाचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. त्याच्या शेजारचा म्हातारा कोणाला आठवतो? अशाच एका म्हाताऱ्याविषयीं आम्ही चार शब्द लिहीत आहों.

वॉल्टर ब्रेनन यांचा जन्म १८९४ सालीं अमेरिकेंतील लिन या गांवीं झाला. हॉलिवुडांत गर्दींतील लहानसहान कामें करून ते पोट भरीत. पुढें एका अपघातांत त्यांचे दांत गेले. नटावर याहून मोठें संकट कोणतें? पण कवळी काढतांच चाळिशीचे ब्रेनन सत्तरीचे दिसूं लागत, आणि म्हाताऱ्यांचीं कामें त्यांच्याकडे चालून येऊं लागलीं. १९३६, १९३८ व १९४० सालच्या चित्रपटांबद्दल त्यांना दुय्यम भूमिकेचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. तीन ऑस्कर मिळविणारे ते पहिलेच नट. त्या काळीं गर्दींतील नटांनाही मताधिकार असे, व त्यांनीं जुन्या सोबत्याला हात दिला, असें कांहींजण म्हणत. असेलही, परंतु 'द वेस्टर्नर'मधील त्यांचा न्यायाधीश रॉय बीन ज्यांनीं पाहिला, ते केवळ मतांचा हिशेब सांगणार नाहींत. क्रूर, लहरी, तरीही लिली लँग्ट्री या नटीच्या नांवानें विरघळणारा हा म्हातारा, आमच्या मतें, नायक गॅरी कूपरलाही झांकून टाकतो.

१९५७ ते १९६३ पर्यंत 'द रियल मॅकॉइज' या दूरचित्रवाणी मालिकेंत ते आजोबा झाले. तेव्हां त्यांची साठी खरोखरच उलटली होती.