कमी प्रथिनांचें खाद्य आणि पाचक द्रव्यांची पुडी

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यांत मक्याहून सोयापेंड पुष्कळच महाग. इ. स. २०२१ सालीं तिचा भाव असा कांहीं चढला कीं, ऑगस्ट महिन्यांत सरकारास बारा लक्ष टन पेंड परदेशांतून आणण्याची मुभा द्यावी लागली. असा प्रसंग आला म्हणजे, "पेंड कमी करा आणि वरून पाचक द्रव्याची पुडी टाका," असें सांगणारे विक्रेते दाराशीं येतात. हा सल्ला सर्वस्वीं खोटा नव्हे. परंतु सांगतात तितका खराही नव्हे. जे शेतकरी बंधु कंपनीच्या कराराबाहेर राहून खाद्य स्वतः दळून मिसळतात, त्यांनीं त्याचा हिशेब समजून घेणें अगत्याचें आहे.

हीं द्रव्यें, ज्यांस एन्झाइम म्हणतात, तीं स्वतः कांहीं पोषण पुरवीत नाहींत. जें खाद्यांत असून कोंबडीच्या अंगीं लागत नाहीं, तें मोकळें करितात. झायलानेज व ग्लुकानेज हीं गहूं व जव यांतील चिकट भाग फोडितात. युरोपांत कोंबड्यांस हीं धान्यें फार चारतात, म्हणून तेथें त्यांचा गुण डोळ्यांत भरतो. आमचें खाद्य मका-पेंडीचें, त्यांत चिकटपणा थोडा. सबब तिकडचे आंकडे येथें जसेच्या तसे लावूं नयेत. फायटेजाची गोष्ट निराळी. धान्यांतील व पेंडींतील सुमारें दोनतृतीयांश स्फुरद फायटेटांत अडकलेला असतो, तो हें द्रव्य सोडवितें. त्यामुळें डायकॅल्शियम फॉस्फेटाचा खर्च खरोखरच वांचतो.

आतां प्रोटिएज. भारतीय मानकानें (सन २००७) ब्रॉयलरच्या शेवटच्या खाद्यांत शेंकडा २० प्रथिन सांगितलें आहे. योग्य भाजणीच्या सोयापेंडींतील प्रथिन मुळांतच शेंकडा ८५ ते ९० पचतें. तेव्हां शंभर किलो खाद्यांतील २० किलो प्रथिनापैकीं न पचणारें सुमारें ३ किलो धरूं. पुडीनें त्यांतील पांचवा हिस्सा सोडविला असें मानलें, तरी हातीं आले ६०० ग्रॅम. मग एवढ्या भरंवशावर जो गृहस्थ २० चें १७ करितो, त्यानें उरलेली तूट कोठून भरावी? आमची उमर सरकारी वसुलीचे तक्ते जुळविण्यांत गेली. थकबाकीपेक्षां अधिक वसूल झाल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

ती तूट भरून काढतात तीं अमिनो आम्लें. कोंबडीस हीं आम्लें ठराविक प्रमाणांत हवीं असतात. मका-पेंडीच्या खाद्यांत प्रथम मेथिओनीन आणि त्यामागून लायसीन व थ्रिओनीन अपुरीं पडतात. तीं तोलून घातल्यास प्रथिन शेंकडा एक-दोन अंशांनीं उतरविण्यास सहसा हरकत नाहीं. शिवाय जादा नत्र विष्ठेवाटे कमी जातो, म्हणून गादींत अमोनिया कमी सुटतो, डोळे झोंबत नाहींत व पक्ष्यांचे तळपाय कमी चिघळतात. हा लाभ आम्हांस पेंडीच्या बचतीइतकाच मोलाचा वाटतो. मात्र त्याहून खालीं गेल्यास व्हॅलीन वगैरे आणखी आम्लें कमी पडूं लागतात, वाढ खुंटते आणि पोटांत चरबी धरते. लहान पिलांच्या पहिल्या खाद्यांत तर ही काटकसर करूंच नये.

घरचें सोयाबीन कच्चेंच दळून त्याचा दोष पुडीवर सोंपविणारेही आढळतात. कच्च्या दाण्यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिन पचूं देत नाहीं. त्यास भाजणी हाच उपाय. उलट पुडीस उष्णता सोसत नाहीं. हीं द्रव्यें स्वतः प्रथिनेंच असल्यामुळें पेलेट करितांना ८०-९० अंशांच्या वाफेंत त्यांचा गुण मावळतो. अशा वेळीं उष्णता सोसणारा प्रकार घ्यावा किंवा खाद्य निवाल्यावर द्रवरूप द्रव्य फवारावें. टनास कांहींशें ग्रॅम इतकेंच प्रमाण असल्यामुळें पुडी आधीं चार-पांच किलो मक्याच्या पिठांत एकजीव करून मग सर्व खाद्यांत मिसळावी.

पुडी घेण्यापूर्वीं एका तुकडीवर परीक्षा पाहावी. शेडमध्यें मधोमध जाळी लावून दोन्ही बाजूंस सारखे पक्षी सोडावे; खाद्य एकच, फक्त एका बाजूच्या खाद्यांत पुडी. विक्रीच्या दिवशीं दोन्हींकडील वजन, खाल्लेलें खाद्य व मेलेले पक्षी लिहून किलोमागें खर्च काढावा, आणि पुडीची किंमत त्या बाजूच्या खाद्यांत धरण्यास विसरूं नये.