उद्यम प्रमाणपत्र आहे, मग सरकारी टेंडरमध्ये सवलत मिळणार का?

पिंगळीच्या स्टेशनवर थांबणारी रेल्वे केंद्र सरकारची. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के माल आणि सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची, असं 2012 चं धोरण सांगतं. त्यात महिला उद्योजकांचा वाटा 3 टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा 4 टक्के.

समजा, पिंगळीत तुम्ही खुर्च्या बनवता. टेंडरचा फॉर्म मोफत, बयाणा रक्कम माफ. मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर 100 रुपये आणि तुमचा 112 असला, तरी खेळ संपत नाही. फरक 15 टक्क्यांच्या आत आहे. 100 रुपयांत द्यायला तयार असाल, तर ऑर्डरचा 25 टक्के हिस्सा मिळू शकतो. (112 चा माल 100 ला परवडेल का, हे आधी वहीवर मांडा!)

पण त्याच खुर्च्या परभणीहून आणून नुसत्या विकत असाल तर? सवलत नाही. 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. म्हणून प्रमाणपत्रावर ‘उत्पादन’, ‘सेवा’ की ‘व्यापार’ लिहिलंय, ते आधी बघा. बांधकामाची कंत्राटंही या धोरणात येत नाहीत. आणि जिल्हा परिषदेची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते.